शून्य ते दहा

ओपीडीतली नवी डॉक्टरीण कागद पुढे ओढते,
पेनाचं टोपण काढते.
गेल्या चार आठवड्यांत तुमचं आयुष्य कसं होतं?
शून्य ते दहा, एक आकडा सांगा.

पहाटेचा सांगू की संध्याकाळचा?
उन्हाच्या बाजूचा की सावलीच्या?
येताना एसटीत उजवीकडे बसले,
जाताना डावीकडे बसेन.
कंडक्टरलाही आता पाठ झालंय.

मोहाचे दिवस आहेत, मॅडम.
मोह अंधारात गळतो, टप, टप,
ऊन वर यायच्या आत टोपली भरते.
माझ्याचसाठी राखून ठेवलेली वेळ म्हणायची,
पण बोटं नेमकी तेव्हाच लाकडाची असतात.
चार वाजता करिश्मा गंजात पाणी कोमट करते,
मी मनगटापर्यंत हात बुडवून बसते,
एकेक बोट सुटतं
निरगाठ पडलेल्या दाव्यासारखं.
सुटेपर्यंत फटफटतं.
बोटं आणि ऊन यांच्या मधे
मला अर्धा तास मिळतो. कधी तोही नाही.
मागे उरलेलं सगळं झाड फुलनबाईचं.

लुपस म्हणजे लांडगा,
असं आधीचे डॉक्टर म्हणाले होते.
घरी येऊन सांगितलं तर दसरू हसला,
"आपल्याकडं त वाघ येते.
वाघानं धरलं त पंचनामा होते, पैसे भेटते."
मग एकदम गप्प झाला
आणि माझ्या छत्रीची मोडकी काडी
तारेनं बांधत बसला, बराच वेळ.
छत्री घेऊन रानात जाते म्हणून
बाया मला कलेक्टरीण म्हणतात.

लिहा, गोळ्यांनी तोंड सुजलं,
तर लग्नात सगळ्या म्हणाल्या,
"मस्त भरली वो तू!"
गालावरची लाली पाहून कुणी पावडरचं नाव विचारलं.
आणि भरदुपारी मी खाटेवर पडले की
सासू भिंतीशी बोलते.
ताप नाही, जखम नाही, काहून लोळते बाप्पा.
भिंत काही उत्तर देत नाही,
मीही नाही. उत्तर द्यायलाही जोर लागतो.

मागच्या महिन्यात गोळ्या आल्याच नव्हत्या.
खिडकीतला माणूस म्हणाला, बाहेरून घ्या.
बाहेरून म्हणजे तीन टोपल्या वाळलेला मोह.
मी एका गोळीच्या दोन केल्या.
हे लिहू नका.

केसांचा प्रश्न आहे का तुमच्या कागदावर?
माझ्या फणीतले केस करिश्मा
मला दिसायच्या आधी चुलीत टाकते.
तिला वाटतं, कळत नाही.
वास येतो मॅडम.

ती पेन धरून थांबली आहे.
माझ्यामागे रांग, रांगेत लघवीच्या बाटल्या.
पाच, मी म्हणते. पाच लिहा.

तिनं लिहिलंसुद्धा.
आणि मग मला परवाची पहाट आठवते.
बोटं कशी कोण जाणे लवकर सुटली,
झाडाखाली मी एकटी,
अंगात दसरूचा लांब बाह्यांचा सदरा,
जाळलेल्या पाल्याची राख अजून कोमट,
आणि डोक्यावर, पाठीवर, उघड्या तळहातांवर
गळत होता मोह.
अस्वलासारखं एक फूल तोंडात टाकलं.
दुसरं टाकलं.
टोपली तशीच राहिली.

पाच खोडा, मॅडम.
नाही, असू द्या.
एकाच दिवसाचं होतं ते.