अनेकवचनी

आपल्या भाषेत हुरहुरीला एकवचन नाही, इल्गवार्स.
इल्गास. असतात त्या अनेकच,
आणि तुझ्या तर नावातच आईने पेरून ठेवल्या.
म्हणून काय सगळ्यांना रोज पंगत वाढायची?

मी नाटकघराच्या तळमजल्यावर कपडे शिवते.
तुझ्या खोलीची लाकडी जमीन ते माझं छप्पर.
काम चालू असलं की तुझी पावलं सरळ जातात,
नसलं की खिडकीपासून खिडकीपर्यंत.
यंदा नोव्हेंबरात तीन आठवडे
खिडकीपासून खिडकीपर्यंत.

वर पडदा ताणलेला, बारा मीटर, कोरा.
तुला हवा होता असा समुद्र
जो लिएपायात कुणी पाहिला नाही.
बाहेर खरा समुद्र लाटेमागून लाट टाकत होता,
रोजचाच, राखाडी,
हजेरीपटात एकही खाडा नसलेला.

मग दाग्नियाचं प्रदर्शन रीगात लागल्याची बातमी आली.
अभिनंदनाचं पत्र तू चारदा लिहिलंस
आणि चारही माझ्या शेगडीत घातलीस.
"तिला सगळं सोपं जातं," म्हणालास.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बोलता आलं नाही.
दाग्निया पहाटे बेकरीत पाव भाजते, हे तुला माहीत होतं.
तिच्या मनगटावरचे चटक्यांचे डाग
तू हिशेबात धरले नाहीस.

दुःख तू मांजरासारखं पाळलंस.
आधी त्याची ताटली, मग तुझी.
कुणी म्हणालं, ऊन पडलंय, चल जरा,
की तुला वाटायचं, हा मांजर पळवायला आलाय.
"बरा झालो तर उरेन काय मी?"
विचारलंस एकदा, गोठलेल्या पायरीवर, हातमोजे न घालता.
मी हसले.
हसायला नको होतं.

कारण तिसाव्या वर्षी मी राणीचा एक झगा
नऊ महिने उसवत बसले होते.
मनातल्यासारखा होईना.
राणी शेवटी उसन्या झग्यात मेली
आणि प्रेक्षक तरीही रडले.
ते "तरीही" मला अजून टोचतं.

तुला वाचवलं ते हेरिंग माशांनी.
हसू नकोस. विस्वाल्दिस सुताराचा हात मोडला,
मुलांच्या नाटकाला साठ लाकडी मासे हवे होते,
दोन्ही बाजूंनी रंगवलेले, शनिवारपर्यंत.
पहिल्या दहांना तू दहा वेगळी दुःखं दिलीस.
अकराव्याला वेळ उरला नाही.
पाठ निळी, पोट पांढरं, डोळा. पुढचा.
पाठ, पोट, डोळा. पुढचा.
चाळिसाव्याच्या आसपास माझ्या डोक्यावर शांतता झाली
आणि मग शीळ. बेसूर, फाटकी.
सुई थांबवून ऐकली मी.

प्रयोगानंतर एक पोरगी मासा घेऊन आली,
"याला एका बाजूला डोळाच नाहीये."
तू उभ्या उभ्या काढून दिलास.
तिने पाहिलं, मान हलवली आणि पळाली.
थोर आहे की नाही, असं काहीच न म्हणता.

सोमवारी नऊ वाजता तू वर चढलास, मूड खराब होता.
दोरीला खडू लावून क्षितिज मारलंस,
एकच रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
पाचवं पत्र टपालात पडलं, ते मी पाहिलं.
फार मोठं नव्हतं, पाकीट पातळच होतं.

हुरहुरी गेल्या म्हणतोस? नाही रे, कुठल्या जातात.
गुरुवारी पुन्हा खिडकी ते खिडकी ऐकलं मी.
तीन फेऱ्या. मग स्टूल सरकवल्याचा आवाज.

आज फटीतून राखाडी रंगाचा एक थेंब
माझ्या नव्या कापडावर पडला.
मी वर बघून शिव्या दिल्या, भरपूर.
मग तो तुकडा अस्तराला लावला.
आतल्या बाजूने. कुणाला दिसणार नाही.