गळकी टाकी

"पाणी धरवत नाही तिला आता," ताइस्तो म्हणाला,
आणि मी काही बोलायच्या आधीच
वीस युरोंचे दहा केले.
खालच्या कोपऱ्यात तडा. केसाएवढा.
आत एकतीस वर्षं कासवीण राहिली होती.
नाव तिचं रोउवा. म्हणजे बाईसाहेब.

लिफ्ट नव्हती. चौथ्या मजल्यावरून
दर वळणावर टेकवत उतरवली दोघांनी.
गाडीत ठेवली, तसा तो परत वर गेला
आणि उघड्या हातांनी खाली आला, एक दगड घेऊन.
ती यावर बसायची, म्हणाला.
धुऊ नका, म्हणाला.

मी ओउलूच्या रस्त्यांवर बर्फ सारते.
रात्री दहा ते सकाळी सहा.
पांढरं ढकलायचं, मागे वळून पाहावं तर
ढकललेल्यावर पुन्हा पांढरं.
तक्रार नाही, पगार त्याचाच.
पण जानेवारीत इथे सूर्य पाहुण्यासारखा येतो,
कोटही न काढता निघून जातो.
मला घरात काहीतरी हिरवं हवं होतं.
एवढंच. याहून मोठं कारण नाही.

आधी व्हिनेगर, मग दाढीचं पातं.
क्षाराचे थर निघाले, एक रेघ सोडून,
चारी काचांवरून आडवी फिरलेली,
तिच्या पाण्याची पातळी.
तीन संध्याकाळ घासली. मग म्हटलं, असू दे.
तड्यालाही सिलिकॉन भरलं नाही.
मला तळं नको होतं,
ओल हवी होती.

तळाला नदीकाठची खडी, चाळणीने चाळून.
वर बर्चचा कोळसा, खलबत्त्यात कुटलेला
(स्वयंपाकघराचं छत अजून काळं आहे).
त्यावर जुन्या पडद्याची जाळी,
आईने घातलेल्या टाक्यांसकट.
मग माती.

शेवाळाला मात्र परवानगी लागते.
आमच्याकडे रानातली फळं कुणीही खुडावी,
अळंबी टोपली भरून न्यावी,
शेवाळ ज्याची जमीन त्याचं.
केर्ट्टूला फोन केला. ती म्हणाली,
"ने की, बर्फाखाली सापडलं तर!"
आणि हसत सुटली, मी काय काम करते ते आठवून.
सापडलं. गोठलेलं,
शिळ्या पावासारखं तुटत होतं.

दुकानातून दोन नेचे आणले, बोटभर, किरकोळ.
लांब चिमटा नव्हता,
विणायच्या सुयांना चमचे बांधले.
झाकणाला फोटोच्या चौकटीची काच घेतली.
चौकटीतला माणूस खणात गेला.
त्याला तिथेच बरं.

दहाव्या दिवशी बुरशी.
दगडापासून सुरू झालेली, पांढरीफेक,
शेवाळावरून थेट नेच्यापर्यंत.
सकाळी सहाला, अंगावर कामाचे कपडे,
मी टाकीसमोर उभी.
रात्रभर सारलं ते कमी होतं का, बाई?
दगड उचलला. नळ सोडला.
गरम पाणी यायला आमच्या इमारतीत वेळ लागतो,
तेवढ्यात मन फिरलं.
नळ बंद केला. दगड होता तसा ठेवला.

मग एका पहाटे विजेरीच्या उजेडात
टाचणीच्या टोकाएवढे जीव, राखाडी,
टुणकन उडणारे.
केर्ट्टूच्या शेवाळातून आले असतील,
नाहीतर दगडाच्या पोटातून.
मी चौकशी केली नाही.
पंधरवड्यात बुरशी खाऊन फस्त.

मार्चमध्ये ताइस्तो आला.
बूट दाराशी काढले. कॉफी घेतली नाही.
गुडघ्यांवर बसून पाहत राहिला बराच वेळ.
एका नेच्याचं टोक उलगडत रेघेला लागलं होतं.
त्याने काचेवर बोट ठेवलं,
रेघेवरून कोपऱ्यापर्यंत नेलं.
"इथपर्यंत भरायचो."
झाकण सरकवून हुंगलं.
"तोच वास?" मी विचारलं.
"छे," म्हणाला. "तिचा फार वाईट होता."

निघताना तडा आठवला त्याला.
मी दाखवलं: खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर
ओलीचा डाग, नाण्याएवढा.
खिशातून रुमाल काढला त्याने,
घडी घातली, घडीवर घडी,
आणि टाकीचा कोपरा मला उचलायला लावून
खाली सरकवली.
"पुढच्या गुरुवारी येतो," म्हणाला,
"बदलायला."