न बसणारी गाठ

क्लाक्सविकच्या धक्क्यावर एकेचाळीस वर्षं
मी फाटकी जाळी शिवली.
गुंता दिसला की हात आपोआप सोडवायला धावतात.
आणि रान्वा कोपनहेगनहून आली ती
डोक्यावर छत्तीस गुंते घेऊन,
प्रत्येकाचे पैसे मोजून.

मार्यून, तिची आई, काही बोलली नाही.
खणातला कंगवा काढला,
दाते पुसले, परत ठेवला,
आणि खण जरा जोरात लावला.

आमच्या घरातले केस म्हणजे
चाप टिकत नाही, रिबीन घसरते,
शाळेला निघताना घातलेली वेणी
चर्चच्या वळणापर्यंत मोकळी.
त्यात जटा कशा राहाव्यात?
आठव्या दिवशी चार सुटल्या,
विसाव्या दिवशी अकरा.

ज्या बाईनं त्या वळल्या तिचं नाव आजोआ.
तिनं आधीच बजावलं होतं म्हणे:
माझे केस हे न सांगता करतात.
माझ्या आईचेही करायचे,
त्यापायी तिला शाळेतून घरी धाडलं होतं.
तुझ्या केसांची मात्र मनधरणी करावी लागेल,
दोन वर्षं तरी.
मेण लावू नकोस, मेणानं वरून बरं दिसतं
आणि आत कचरा साठतो.
आणि कुणी विचारलं, हे कुठून शिकलीस,
तर माझं नाव सांग.
वाऱ्यानं झालं असं सांगू नकोस.

मला ती बाई न बघताच आवडली.

मग एका रात्री रान्वानं
आकड्याची सुई माझ्यापुढे ठेवली,
पाऊण मिलिमीटरची.
मागे माझा हात पोचत नाही, म्हणाली.
मी म्हटलं, मला फक्त जाळी येतात.
मग जाळं समज.

सुती दोरा एका गाठीत गप्प बसतो.
नायलॉन बसत नाही.
कुणी बघत नसताना हळूच निसटतो,
त्याला दुहेरी फेरा लागतो,
आवळताना थुंकीचा ओलावा,
आणि मग पुन्हा एकदा बघून यावं लागतं.
हे केस त्याचेच भाऊबंद.
सुई आत, दोन-चार चुकार केस धरून बाहेर,
पुन्हा आत, तिरकी, आता पलीकडून.
जोर करायचा नाही.
जोर केला की केस तुटतो
आणि रान्वा डॅनिशमध्ये शिव्या देते.

आठवड्यातून एकदा साबण, साधा, बिनवासाचा.
खारं पाणी तिकडे बाटलीत विकतात,
इथं दारापासून चार पावलं.
वाळवणं तेवढं कठीण.
धुकं आठ-आठ दिवस उठत नाही,
आणि ओल्या जटा उशीवर टेकल्या तर सकाळी
तळघरातल्या बटाट्याच्या पोत्याचा वास.
म्हणून ती शेगडीकडे पाठ करून बसते.
मी एकेक जट टॉवेलात दाबतो, तळव्यांत वळतो,
मुळाशी एकमेकींना चिकटलेल्या दोघींना
अलग करतो, शेजारणींचं भांडण सोडवावं तसं,
कुणाचीच बाजू न घेता.
स्वेटरची लोकर आत शिरते, ती चिमट्यानं.
वर कुरणात मेंढ्यांच्या पाठीवर
हे सगळं फुकट होतं.

हानुस विचारतो, पोरीला झालंय काय?
काही नाही, मी म्हणतो,
दुरुस्ती चालू आहे.

छत्तीसातल्या एकोणतीस उरल्यात.
पैकी सहांत आता बोटाला कणा लागतो,
भिजलेल्या दोरखंडासारखा, टणक.
बाकीच्या अजून टोकाशी रेशीम होतात,
आणि खरं सांगायचं तर
ते सुटलेलं टोक मला बघवतही नाही,
सोडवतही नाही.

काल मार्यून दिवा घेऊन जवळ आली.
उगीच उभी राहिली.
ही सैल आहे, म्हणाली, कानामागची तिसरी.
मी चष्मा शोधत होतो.
तिनं माझ्या हातातून सुई घेतली,
उलटी धरली.
मी काही बोललो नाही.
रान्वा बोलली.