वजा

नऊशे बारा ओळी.
प्रत्येकीच्या डोक्याशी एक आडवी रेघ,
म्हणजे ही ओळ आता कर्नलमध्ये नाही.
नंदनवनात दुसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात,
कूलरमधलं पाणी संपल्याचा आवाज येतो आहे
आणि मी अजून पाठवलेलं नाही.

तसं सगळं रीतसर झालं.
दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं त्यात:
हा ड्रायव्हर जुना झाला, लवकरच काढू,
कुणी वापरत असाल तर कळवा.
यंत्र सुरू होताना ही ओळ पडद्यावर उमटायची,
जगात कुठेही.
कुणी कळवलं नाही.
आमच्या धंद्यात गप्प राहणं म्हणजे होकार.

फाइलच्या माथ्यावर एक परदेशी नाव, साल १९९६,
पत्ता असा की पाठवलेलं तासाभरात परत येतं.
चारशे तिसाव्या ओळीवर त्याच माणसाची टीप:
इथे दहा मिलिसेकंद थांबा.
का ते मला कळलेलं नाही. न थांबल्यास कार्ड रुसतं.
तेव्हापासून सगळे तिथे थांबत आले.

मार्चमध्ये कळमन्याला गेले होते,
आईला सालभराची मिरची हवी होती.
ठसका लागला तशी पळाले
ती हेडाऊंच्या धरमकाट्याच्या खोलीत, पाणी मागायला.
टेबलावर पिवळं पडलेलं डबडं, पाठीला चार तोंडांचं कार्ड,
वायर भिंतीच्या भोकातून थेट ट्रकच्या पायाशी.
मी बघतच राहिले, म्हणून फागोजी हेडाऊंनी
ते बंद करून पुन्हा चालू करून दाखवलं,
आणि माझी ओळ आली.
माझं इंग्रजी. स्वल्पविरामसुद्धा चुकलेला, माझाच.

"हे रोज येते," ते म्हणाले.
"भाच्यानं नवीन टाकून देल्लं तवापासून.
हे आलं का समजाचं, काटा जागा झाला."
पडद्याला लावलेलं बोट त्यांनी कपाळाला लावलं.

सांगितलं मी. काय लिहिलंय ते. कोणी लिहिलंय तेही.
बराच वेळ ते पावतीबुकाचे कोपरे सरळ करत राहिले.
"काहून काढून राहिली बाई? चालते ना ते."

चालतं, काका. पण ज्याला कुणी तपासू शकत नाही
त्याच्या चालण्याची हमी मी कशी देऊ?
आतलं कुलूप बदलायचं आहे,
आणि या एका कार्डापायी
चाळीस जण जुन्या किल्ल्या कमरेला बांधून फिरतात.
माझ्याकडे तर ते कार्डही नाही.

ऐकून घेतलं त्यांनी. खिडकीबाहेर ट्रक लागला होता.
"वजा त कराच लागते," म्हणाले,
"नाहीत मिरचीचं वजन कसं समजन?
पण बाई, रिकामा ट्रक आम्ही पहिले तोलून घेतो.
न तोलता वजा नाही करत."

सीताबर्डीहून साडेचारशेचं कन्व्हर्टर आणलं.
दोन रविवार गेले.
पहिल्या रविवारी काटा रिकाम्या जागेचं वजन
दोनशे किलो सांगत होता,
आणि फागोजी माझ्याकडे न बघता चहा ढवळत होते.
आता शून्य सांगतो. कधीमधी पाच.
निघताना कार्ड त्यांनी मलाच दिलं,
वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत मूठभर भिवापुरी.

काल रात्री भंगारातल्या बोर्डावर ते बसवलं.
दहाचं थांबणं काढून पाहिलं: रुसलं.
परत घातलं: चाललं.
मग वजाबाकीखाली, कारणांच्या जागी, लिहिलं:
वापरणारे एक. भेटून सांगितलं.
तपासलं, कळमना. शेवटपर्यंत चालत होतं.

बोट बटणावर ठेवलं, आणि शिंक आली.
कार्डाला अजून मिरचीचा वास आहे.
शिंक आली की जरा थांबावं, आई म्हणते.
का, ते तिलाही माहीत नाही.

थांबले.
मग पाठवलं.