शेंडा, पान, बी

पहिल्या आठवड्यात निकम हवालदारांनी मला खुर्ची दिली,
'ळ' अडकणारा कीबोर्ड दिला,
आणि म्हणाले, पोरी, पंचनाम्यात नुसतं 'गांजा' लिहायचं नाही.
लिहायचं : हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, ओलसर,
काड्या-बिया-फुलं असलेला, गांजासदृश.
'सदृश' विसरलीस तर आरोपीचा वकील
तुलाच सुकवून विकेल.

मला तोवर वाटायचं, सगळं एकच.
झाड एकच आहे, ते म्हणाले, नावं ठेवणारे वेगळे.

पान म्हणजे भांग.
ती मला ठाऊक होती. शिवरात्रीला पंचवटीत
आमचे भास्करकाका दुधातून, बडीशेप वाटून प्यायचे
आणि रात्रभर भिंतीला म्हणायचे, जरा सरक की.
घरात तिला कुणी नशा म्हटलं नाही.
काढेवाल्या वैद्याच्या बरणीवर तिचंच नाव विजया.
आणि केसांतला भांग वेगळा, तरी
आई तो पाडताना सारखी म्हणायची, सरळ राहा.

फुलोऱ्याची राळ म्हणजे चरस.
तळहातांत चोळत बसलं की काळा चिकट थर उरतो.
पैसा हाताचा मळ म्हणतात ना, निकम हसले,
इथं हाताच्या मळाचाच पैसा.

तपोवनात एक म्हातारा बाबा भेटला,
त्यानं न विचारताच शिकवलं :
चिलमीत खडा टाकतात ती गिट्टी,
तोंडाला ओला फडका धरतात ती साफी,
आणि आत जळते ती बूटी. गांजा तुम्ही म्हणता, बेटी.
त्याच्या तोंडी त्या शब्दाला खोकला होता.

कॉलेज रोडची पोरं मात्र वीड म्हणतात, स्टफ म्हणतात,
गुंडाळलेल्याला जॉइंट,
आणि चढलं की हाय.

हाय.

सव्वासातला हौसाबाई खैरनार ठाण्याच्या पायरीवर आल्या.
मखमलाबादच्या. हाताला झेंडूचा पिवळा रंग, नखांत दोरा.
पोरगं हाय का आत?
हाय, मी म्हटलं. आमच्या गावाचा शब्द माझ्याही तोंडून निसटला.
मग त्या बाकावर बसल्या, पदर आवळून,
आणि विचारलं, ते गांजा म्हणजे नेमकं काय वं, ताई?

मी पाठ केलेलं सांगू लागले :
मादी झाडाचा शेंडा. फुलोरा.
शेंड्यावाचून नुसती पानं असली, नुसतं बी असलं,
तर कायदा त्याला गांजा म्हणत नाही.
शेंडा आला, की म्हणतो.

त्या थांबल्या.
मंजी फूलच की.
तीस वर्षं मी फुलं विकते, शेकड्यानं, किलोनं,
कुणी मला चौकीत नेलं नाही.
किती होतं त्याच्याकडं?
एकशे चाळीस ग्रॅम.
एका हाराला पुरत नाय, त्या म्हणाल्या,
आणि मग बराच वेळ काही म्हणाल्या नाहीत.

कमी भरलंय, जामीन होईल, मी सांगितलं.
आळीतले म्हणतात, तुळशीत भांग उगवली.
तुम्हीच म्हटलात ना, भांग चालते?

याचं उत्तर निकमांनी शिकवलं नव्हतं.
ते आत लाख वितळवत होते.
पाकिटावर सील बसलं, पंचांच्या सह्या झाल्या,
खोलीत लाखेचा वास, त्याखाली तो दुसरा,
कापलेल्या गवतासारखा. खरं सांगायचं तर
वाईट नव्हता तो वास.

कळवलेल्या नातेवाइकाचं नाव, मी विचारलं.
हौसाबाई तुकाराम खैरनार.
नात्याच्या रकान्यात
बोटांनी सवयीनं टाइप केलं : आईसदृश.

खोडलं.
त्यांना वाचता येत नव्हतं,
तरी मी स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली.