शिंग खाली ठेवता येत नाही

काखेतीच्या मातीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण
मी आत उतरून धुतो, चेरीच्या सालीच्या कुंच्यानं.
अंगानं किडकिडीत, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.
आत मी बोलतो.
भराभर. शेजारणीची कागाळी, दारूचे भाव,
लुआर्साबच्या गाढवाचं लांबलचक नाव.
रांजणाला कुठं जायचं नसतं.

वर आलो की पहिलाच शब्द उंबऱ्याला ठेचकाळतो.
दुकानात हवं असतं चीज, मागतो मीठ,
कारण चीजचं पहिलं अक्षर आज दार उघडत नाही.
घरात मिठाच्या सात पुड्या.

नुग्झार माझा आतेभाऊ. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.
माझ्या तोंडात भिजतात, फुगतात, कोंब धरतात.
शाळेपासून मला वेडावतो, इतकं हुबेहूब
की कधी वाटतं, मूळ तोच असावा
आणि मी त्याची जरा कच्ची नक्कल.

द्राक्षं उतरल्यावरच्या जेवणाला तो तमादा, पंगतीचा म्होरक्या.
सातव्या पेल्यानंतर माझ्याकडे वळला:
“अ-अ-अलावेर्दी, बि-बि-बिद्झिना!”
म्हणजे आता शब्द माझा.
सगळे हसले. काकूसुद्धा, तोंडावर पदराचं टोक धरून.

रीत अशी, की बोलणाऱ्याचं संपेपर्यंत
पेले वर आणि ओठ कोरडे.

उठलो. ‘आईला’ म्हटलं असतं तरी चाललं असतं,
तो शब्द मला सहसा दगा देत नाही.
मी तिचं नाव घ्यायला गेलो.
के.
के, के.
कुत्रं टेबलाखालून निघून गेलं.
के
चाळीस हात हवेत. काकाच्या बाहीत वाइन उतरू लागली.
नुग्झारच्या हातात काठोकाठ भरलेलं शिंग.
शिंग खाली ठेवता येत नाही, लवंडतं.
त्याचा दंड थरथरू लागला,
पहिल्यांदाच माझी जीभ खरोखर त्याच्या अंगात शिरली.

मी घाई केली नाही.
खरं सांगायचं तर थोडा रेंगाळलोही.

केतेवान, म्हणालो,
जिनं माझं एकही वाक्य स्वतः पुरं केलं नाही.
चुलीवरचं करपू दिलं, पण थांबली.

प्यायले सगळे.

रात्री नुग्झार पायरीवर दंड चोळत बसलेला.
काहीतरी म्हणायचं होतं त्याला.
तोंड उघडलं, मिटलं.
मी थांबलो.
शेवटी म्हणाला, “लोणच्यापुरतं मीठ असेल का रे तुझ्याकडे?”