मॅपलपर्णी

चिठ्ठीवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं:
मुचकुंद. पान मॅपलसारखं.
नागपूर, सेमिनरी हिल्सचा उतार,
एप्रिल, दुपारचे अडीच.
उरकुडे सरांनी चष्मा वर सरकवून सही केली.
पंख्याखाली टीपकागद उडत होते,
त्यांच्यावर वीट ठेवली.

मॅपल मी पाहिलेलं नाही.
सरांनीही नाही.
तेवीस वर्षं आम्ही दोघं
न पाहिलेल्या झाडाच्या साक्षीनं
पाहिलेल्या झाडांची ओळख पटवतो आहोत:
हे मॅपलसारखं,
हे जरा कमी मॅपलसारखं,
हे कोवळेपणी मॅपलसारखं, मग विसरतं.

शेवंताबाई खाली पाचोळा लोटत होती.
विचारलं, हे पान कशासारखं गं?
तिनं एक उचललं, उलटं केलं,
पांढुरकी लव गालाला लावून पाहिली.
"पत्रावळीसारखं, अजून कशासारखं?
माह्या बुढ्याची तेरवी याच पानाइवर झाली.
वरन गळत नाही बाप्पा यातून."

चिठ्ठीत वरणाला रकाना नव्हता.

नाव ठेवणारा कुठल्या तरी थंड गावचा असणार.
परमुलखात, मानेवरचा घाम पुसत
या झाडाखाली टेकला असेल,
आणि हातभर रुंद, ओबडधोबड पानात
त्याला दिसलं असेल
घरामागचं काहीतरी.
आठवण आली की डोळे असेच
थोडे खोटं बोलतात.

माझी आई इतवारीत कापड घेता घेता
कुठल्याही पोरीकडे बघत राहायची:
अगदी आपल्या वच्छीसारखी.
वच्छी माझ्या जन्माआधीच गेलेली.
फोटोही नाही.
मला न्हाऊ घालताना हनुवटी धरून म्हणायची,
तू जरा कमी वच्छीसारखी.

आज गेल्या वर्षीचं एक फळ तडकलं,
लाकडासारखं टणक, विटकरी धुळीनं माखलेलं.
पंखवालं एक बी निसटलं,
कूलरच्या वाऱ्यावर गिरकी घेत
सरांच्या डब्याच्या झाकणावर उतरलं.
सर म्हणाले, मॅपलचं बीही म्हणे असंच उडतं,
कुठंतरी वाचलंय.
मग पोळीचा तुकडा मोडला.

चिठ्ठी मी बदलली नाही.
सही झालेली, शिक्का बसलेला.
फक्त मागच्या कोऱ्या बाजूला
पेन्सिलीनं, बारीक,
लिहून ठेवलं:
वरण गळत नाही.